आधी नाव, मग डोळे

वर्षाचे सगळे महिने संपले तरी पाच दिवस उरतातच. ते कुठल्या महिन्याचे नसतात, कुठल्या ऋतूचेही नसतात. सुगीनंतर खळ्यावर राहिलेल्या दाण्यांसारखे नुसते उरलेले असतात. आभाळमाय नूतनं आपली पाच लेकरं याच दिवसांत जन्माला घातली. पहिला दिवस ओसिरिसचा, दुसरा होरसचा आणि तिसरा सेतचा. सेत आईच्या पोटातून नीट वाटेनं आलाच नाही, कूस फाडून आला. म्हणून तिसऱ्या दिवशी गावात कोणी कामाच्या हत्याराला हात लावत नाही, कोणी परक्याचा उंबरठा ओलांडत नाही, आणि आया आपल्या पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी सकाळी केन्ना घागर घेऊन वेशीकडे निघाला, तो केवळ लेकीनं घराबाहेर पिटाळलं म्हणून. केन्ना शवपेट्या रंगवायचा. डोंगराच्या पोटातलं ते गाव सगळंच मेलेल्यांच्या कामावर जगणारं, कोणी थडगी खोदणारा, कोणी दगड घडवणारा. पण पेटीच्या झाकणात आतल्या अंगाला नूत रंगवावी ती केन्नानंच, असं नदीपलीकडचे लोकही म्हणत. असा माणूस रिकामा बसला की घरात सगळ्यांच्या पायात पायात येतो. त्याची बायको हुनेरो होती, तेव्हा तो चुलीपाशी घुटमळताना दिसला की ती म्हणायची, "अहो, बाजूला व्हा जरा. मला काम आहे." हुनेरो या लेकीला जन्म देताना गेली. लेक मोठी झाली आणि बापाला नेमकं तेच म्हणू लागली. तिला ते कुणी शिकवलं कोण जाणे.

वेशीतल्या रांजणापाशी तेपू उभी होती. तेपू गावची सुईण. अर्ध्या गावाला जन्मताच पहिली चापट तिनंच मारलेली, त्यामुळे ती सगळ्यांशी त्याच हक्कानं बोलायची.

"काय केन्ना, आज कुंचला नाही हातात म्हणून बोटं खाजत असतील!"

"खाजतायत खरी. तुझी जीभ खाजते तशी."

"लेक कशी आहे?"

"बरी आहे. अजून अवकाश आहे असं तूच म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. पण काल बघितलं तर पोट खाली उतरलंय तिचं." तेपूनं वाडग्यातलं पाणी संपवलं आणि तोंड पुसलं. "हे बघ, आजचा दिवस कसाही करून ढकल. उद्या इसिसचा दिवस. उद्या काय व्हायचं ते होऊ दे, मी धावत येईन. आज मात्र खुद्द राणीला कळा लागल्या तरी मी कुणाचा उंबरठा ओलांडायची नाही."

"मग इथं रांजणापाशी कशी आलीस?"

"तहान लागली होती मेल्या! तहान वेगळी आणि बाळंतपण वेगळं." ती हसली. मग घागर उचलता उचलता आवाज खाली आणून म्हणाली, "दोनदा रिकामी झालीय पोर. आता तिसऱ्यांदा तसं झालं तर तीच राहायची नाही, केन्ना. हे तुला सांगायला नको."

खरंच सांगायला नको होतं. रात्र रात्र केन्नाच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. त्यानं घागर खांद्यावर घेतली. डोंगरामागून वारा सुटला होता, गरम आणि कोरडा. पश्चिमेकडचं आभाळ गढूळ पिवळं दिसत होतं.

घरी लेक, वेबखेत, पुढच्या खोलीतल्या ओट्यावर बसली होती. भिंतीवरच्या चित्रात बुटका देव बेस जीभ बाहेर काढून नाचत होता. बाळंतिणीच्या खोलीतली भुतं त्याला घाबरतात. तिच्या गळ्यात दोऱ्याला निळी तावेरेत देवी होती. पाणघोड्याचं तोंड, सिंहाचे पंजे, आणि हे एवढं मोठं पोट. गरोदर बाईनं ती घालायचीच.

"बाबा, खरं सांगा, ही देखणी की मी?"

"सध्या तरी दोघी सारख्याच दिसता."

"बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "हे माझे सख्खे वडील."

पेंदुआ, तिचा नवरा, कांदा सोलता सोलता हसला. तो सासऱ्याला मामा म्हणे आणि त्याला जरा भीतही असे. "मामा, वारा वाढतोय. दार लावून घेऊ?"

"लाव. आणि आज कुणासाठीही उघडू नकोस."

मागची खोली केन्नाच्या कामाची. तिथं दोन ओंडक्यांवर उंबराच्या लाकडाची एक पेटी ठेवली होती आणि तिचं झाकण भिंतीला उभं टेकवलेलं होतं. नदीपलीकडच्या कुणीतरी ती घडवून घेतली आणि मग तो माणूस फिरकलाच नाही. पेटी जवळजवळ सगळी रंगवून झाली होती. बाहेर डोक्याकडे नेफ्थिस, पायाकडे इसिस, नूतच्या दोघी लेकी, पंख पसरून बसलेल्या. झाकणाच्या आत नूत होती, पूर्ण माणसाच्या उंचीची. हरताळाच्या पिवळ्या दगडी रंगानं रंगवलेली कांती, ताऱ्यांचा झगा, पुढे पसरलेले दोन्ही हात. तिच्या पायांशी काळ्या शाईत 'ओसिरिस' एवढं लिहिलेलं होतं. मेलेला माणूस ओसिरिस होतो, म्हणून प्रत्येकाच्या नावाआधी ते लिहितात. त्यापुढची नावाची जागा कोरी होती. आणि नाव नव्हतं म्हणून नूतला डोळे नव्हते.

"आधी नाव, मग डोळे," केन्नाचा बाप सांगायचा. "पेटीत निजतो तो माणूस नूतच्या पोटात निजतो. सूर्य जसा रोज पहाटे तिच्या पोटातून बाहेर येतो, तसा तोही येतो. पण आपलं लेकरू कोणतं ते आईला कळायला नको का? नाव न लिहिता डोळे उघडलेस तर ती शोधत राहील. जे नाव कानावर पडेल त्याला कुशीत ओढेल. आणि ते जिवंत आहे का मेलेलं, हे काही ती बघत बसत नाही."

केन्नानं उभ्या आयुष्यात हा नेम मोडला नव्हता. दुसरी एक गोष्ट मात्र त्याच्या हातून नेहमी व्हायची. कुणाचीही पेटी असो, नूतचा चेहरा हुनेरोचा यायचा. तो मुद्दाम करत नसे. हुनेरो गेली तेव्हा तो नवशिका होता, हाताशी ना लाकूड ना वेळ. तिला साध्या पेटीत ठेवावं लागलं. तिच्या झाकणात कुणीच नव्हतं. ती तिथं काळोखात एकटीच पडली असेल, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

दुपार व्हायच्या आत दिवसाची रात्र झाली. वाळू घरावर अशी आदळू लागली की कुणी सुपानं पाखडतंय असं वाटावं. पेंदुआनं दिवा लावला. त्या पिवळ्या उजेडात वेबखेत ओट्यावरून उठायला गेली आणि तशीच वाकून राहिली. तिनं भिंतीवरच्या बेसच्या पोटावर हात टेकला होता.

"बाबा..." ती म्हणाली. "आजच."

मग पेंदुआनं डोक्याला फडकं गुंडाळलं आणि दार उघडून तो वाळूत दिसेनासा झाला. केन्ना लेकीचा हात धरून बसला. तेपू यायची नाही हे त्याला ठाऊक होतं. तिनं तसं स्वच्छ सांगितलं होतं.

पण तेपू आली. पेंदुआच्या पाठीमागून, नखशिखान्त वाळूनं माखलेली, शिव्या देत आली. "आग लागो त्या सेतला! आणि तुम्हालाही! मी आले हे कुणाला सांगाल तर जीभ हासडीन." तिनं झोळीतून बाळंतपणाच्या विटा काढून जमिनीवर मांडल्या, वेबखेतला त्यांच्यावर पाय ठेवून उकिडवं बसवलं, तिच्या मांडीला इसिसच्या गाठीचा लाल दगडाचा ताईत बांधला. मग मागे वळून म्हणाली, "पेंदुआ, तू तिला मागून धर. केन्ना, तू आत जा. तुझं तोंड बघून धडधाकट बाईलाही धडकी भरेल."

"मी इथं कोपऱ्यात..."

"बाबा, बाजूला व्हा ना," वेबखेत दात आवळून म्हणाली. "काम आहे मला."

केन्ना मागच्या खोलीत गेला. दिवा कोनाड्यात ठेवून पेटीपाशी बसला. बाहेर कण्हणं ऐकू येत होतं, मध्येच तेपूचा आवाज, त्यावर वाऱ्याचा. हात नुसते ठेवायचे तरी कुठे, हेच त्याला कळेना. झग्यावरचा एक तारा अपुरा राहिला होता. एक तारा म्हणजे काही काम नव्हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. डिंकाच्या पाण्यात काजळी कालवली. ताऱ्याची टोकं काढली. बाहेर वेबखेत ओरडली. त्याचे कान तिकडे आणि हात इकडे, असं कितीतरी वेळ चाललं होतं. हात बिचारा जन्मभराच्या सवयीचा; झग्यावरून वर सरकला, गळ्याशी आला, चेहऱ्याशी आला.

लेकीचं ओरडणं थांबलं तेव्हा केन्नानं समोर बघितलं.

नूत त्याच्याकडे बघत होती.

दोन्ही डोळे पुरे झालेले. काळ्या कडा, कानशिलापर्यंत गेलेली काजळरेघ, आत टपोरी बुबुळं. शाई अजून चमकत होती. त्याच्या हातातून कुंचला पडला. खाली 'ओसिरिस' आणि त्यापुढे कोरी जागा.

त्यानं ओलं फडकं घेऊन डोळे पुसायला हात उचलला, पण तो हात पुढे जाईना. उघडलेले डोळे पुसायचे म्हणजे ते फोडण्यासारखंच. आणि चेहरा हुनेरोचा. त्यानं खांदा लावून झाकण फिरवलं आणि तिचं तोंड भिंतीकडे केलं. एरवी त्या झाकणाला दोन गडी लागत. आज ते इतकं हलकं कसं लागलं, हा विचार त्याला नंतर सुचला.

वारा बाहेर तसाच होता, पण या खोलीत आता काहीच हलत नव्हतं. दिव्याची ज्योत सरळ उभी होती. आणि वास येऊ लागला... दुधाचा. नुकत्याच तापवलेल्या दुधाचा, आणि त्यात मिसळलेला शेवग्याच्या तेलाचा. ते तेल हुनेरो केसांना लावायची.

झाकणामागून, लाकूड तडकावं तसा, बारीक आवाज आला.

"कोण...?"

केन्ना मागे सरकला.

"कोणाची... मी?"

तेवढ्यात बाहेरून तेपूचा खणखणीत आवाज आला, "वे..."

"नाव घेऊ नकोस!" केन्ना धडपडत बाहेर धावला आणि त्यानं तेपूच्या तोंडावर हातच ठेवला. "तिचं नाव घेऊ नका. कुणीच घेऊ नका."

तेपूनं हात झटकला. "वेड लागलं का तुला? नाव न घेता बाळंतपण करू? गाय आहे का ती?"

"तेपू... डोळे उघडले माझ्या हातून. नाव लिहिलेलं नाही."

तेपूला पुढचं सांगावं लागलं नाही. शवपेट्यांच्या गावात जन्म काढलेली बाई ती. तिनं मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आज? सेतच्या दिवशी?"

केन्नानं मान हलवली.

मग सगळं हळू आवाजात सुरू झालं. "पोरी, जोर कर... अगं बाई, सोनी, अजून थोडा..." तेपू कुजबुजत होती. पेंदुआला काही कळलं नव्हतं, पण म्हाताऱ्यांचे चेहरे बघून तोही गप्प झाला होता. वाळू दाराखालून आत येत होती. तेपूनं हातांना तेल लावून पोट चाचपलं, परत चाचपलं, आणि केन्नाकडे न बघता म्हणाली, "आडवं आलंय."

वेबखेतची मान पेंदुआच्या खांद्यावर कलली. ओठ पांढरे पडले. तिनं डोळे मिटले नव्हते, पण त्यांत कुणी नव्हतं.

"पोरी... ए पोरी..." तेपूनं तिच्या गालावर चापट मारली. "ऐकत नाही ही. लांब चाललीय, केन्ना. मला तिला हाक मारायला हवी. नावानं. नावाशिवाय त्या वाटेवरून कुणी मागे फिरत नाही."

"आणि हाक मारलीस तर ती आतली..."

"आणि नाही मारली तर?"

तेपूच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. तिला त्यानं असं घाबरलेलं कधीच बघितलं नव्हतं. केन्नाला मात्र त्याच क्षणी हायसं वाटलं. इतकी सोपी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही, असं त्याला झालं.

"जरा दम धर," तो म्हणाला. "मी आतून सांगतो, मग मार हाक. चांगली मोठ्यानं मार."

त्यानं लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि तो आत गेला.

झाकण भिंतीकडे तोंड करून नव्हतं. ते खोलीकडे वळलेलं होतं, आणि दाराच्या दिशेनं किंचित कललेलं. कान देऊन ऐकणारं माणूस कलतं तसं. दुधाचा वास आता इतका दाट होता की जीव गुदमरावा. केन्नानं जमिनीवरून कुंचला उचलला. हात थरथरत होता. चुकीचं अक्षर पडलं तर पुन्हा संधी नाही, म्हणून त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. ओसिरिस, आणि त्याच्यापुढे, त्या कोऱ्या जागेत, त्यानं आपलं नाव लिहिलं. केन्ना.

"हे बघ," तो तिला म्हणाला, "मी तुझा. दुसऱ्या कुणाला शोधू नकोस."

पेटीत उतरताना त्याला भीती वाटत होती. ती वाटली नाही असं त्यानं पुढेही कधी सांगितलं नाही. तो उताणा निजला. झाकण आपल्यावर कसं ओढायचं हा प्रश्नच आला नाही. त्यानं हात लावला मात्र, आणि ते आपण होऊन अलगद आलं. फटीतून दिव्याचा उजेड बारीक होत होत गेला.

"तेपू!" तो ओरडला. "मार हाक!"

आणि काळोख झाला.

त्या काळोखात तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यावर होता. दिसत नव्हता, पण होता. गालावर श्वास लागत होता. कुठंतरी, लाकडात किंवा त्याच्याच छातीत, संथपणे ठोके पडत होते. दूरवरून तेपूची हाक आली, "वेबखेत! वेबखेत! फिर मागे, वेबखेत!" त्या हाकेसरशी वरचं लाकूड शहारलं. दोन हात त्याच्या खांद्यांना लागले. गार, खरखरीत, रंगाचे पापुद्रे असलेले हात. त्यांनी त्याला घट्ट धरलं.

"हुनेरो..." तो म्हणाला. "तुला मी एकटीला ठेवलं गं. वरती कुणी नव्हतं तुझ्या..."

हात थांबले. ठोकेही थांबले. आणि मग त्याच्या कानाशी, अगदी जवळ, ज्यासाठी त्याचे कान जन्मभर आसुसले होते तो आवाज आला. घाईतला, थोडा वैतागलेला.

"अहो, बाजूला व्हा जरा. मला काम आहे."

त्याच्या अंगावरून काहीतरी निघून गेलं. झग्याचा घोळ तोंडावरून सरकावा तसं. वरचं लाकूड एकाएकी नुसतं लाकूड झालं, जड, निर्जीव. केन्ना त्या काळोखात एकटा पडून राहिला आणि ढसाढसा रडला.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग झाकणातून, भिंतीतून, वाऱ्यातून, एक रडणं आलं. चिरकं आणि भांडखोर.

पेंदुआनं आणि तेपूनं मिळून झाकण बाजूला केलं तेव्हा बाहेरचा वारा पडला होता. "मामा! मुलगी! मामा, दोघी ठीक आहेत!" पेंदुआ रडत होता, हसत होता, आणि सासरा पेटीत का निजला आहे हे विचारायचंही त्याला भान नव्हतं. तो पुन्हा बाहेर पळाला. तेपू मात्र तिथंच उभी राहिली. तिनं कोपरापर्यंत माखलेले हात पोटाशी धरले होते.

"केन्ना," ती हळूच म्हणाली. "बाळ फिरवायला मी हात घातला..."

"हं."

"आत... माझ्याआधीच एक हात होता."

मग तेपूनं हात फडक्याला पुसले आणि ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला जवाची दारू पाहिजे. मोठा घडा भरून."

पुढच्या खोलीत वेबखेत भिंतीला टेकून बसली होती. दमलेली, घामेजलेली, आणि जिवंत. तिनं बाळ बापापुढे धरलं. बाळाच्या दोन्ही काखांखाली पिवळे डाग होते, कुणी धरून बाहेर ओढावं तसे, अंगठ्याएवढे. केन्नानं बोट लावून बघितलं. हरताळ होता. तो रंग तो झोपेतही ओळखला असता.

"बाबा," वेबखेत म्हणाली, "आई कशी दिसायची हो?"

"का गं?"

"काही नाही. उगीच."

संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं झाल्यावर त्यानं झाकण उजेडात नेऊन बघितलं. नूतच्या उजव्या तळव्यावरचा रंग खरवडून गेला होता, खालचा पांढरा लेप दिसत होता, आणि त्यावर लाल काहीतरी सुकलं होतं. ते गेरू नव्हतं. खाली 'ओसिरिस' होतं, आणि त्यापुढची जागा कोरी होती. पुसल्याचा डाग नाही, शाईचा ठिपका नाही. आणि तिचे डोळे मिटलेले होते. बाळंतीण काम आटोपल्यावर मिटते, तसे. मिटलेले डोळे केन्नानं आयुष्यात कधी रंगवले नव्हते. मेलेल्यांच्या गावात असले डोळे कोण रंगवणार?

ती पेटी त्यानं विकली नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "ती दिलेली आहे." नातीचं नाव हुनेरोच ठेवलं. पोर चालायला लागली, मग बोलायला लागली, मग आजोबाला उलट उत्तरं द्यायला लागली. तिला मागच्या खोलीतली झाकणातली बाई फार आवडायची. तिच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवायची आणि नंतर स्वतःच खायची. दरवर्षी तिसऱ्या दिवशी केन्ना मात्र तिला तिकडे फिरकू देत नसे. स्वतः दारात बसून राही. काही होत नसे. डोळे मिटलेलेच असत.

यंदा तो जरा थकला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दारातच डुलकी लागली. जागा झाला तो नातीच्या हलवण्यानं.

"आजोबा, बाई उठली होती."

"कुठली बाई?"

"आपली. डोळे उघडे होते तिचे." तिनं आपले डोळे मोठे करून दाखवले. "पुन्हा मिटले."

केन्ना पूर्ण जागा झाला. त्यानं आधी पोरीच्या हातापायांकडे बघितलं, कपाळाला हात लावला. ती गुटगुटीत, गरम, खरचटलेल्या गुडघ्यांची, नेहमीसारखीच होती.

"कोणाकडे बघत होती ती?"

"तुमच्याकडे," पोर म्हणाली. "तुम्ही घोरत होता ना. मग ती हसली."

केन्नाच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. किती वर्षं ते तिथं होतं हे त्याला आता कळलं. पोरीकडे नाही, लेकीकडे नाही. आपल्याकडे. "बरं," तो म्हणाला. "जा, तुझ्या आईला सांग, आज रात्री मला लसूण घालून मासा पाहिजे. आणि तू बाहेर खेळ."

पोर पळाली. केन्ना उठला आणि आत गेला. घाई कशाचीच नव्हती. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, पण जागा कोरी ठेवून जाणं बरं नव्हे. नाव आपल्या हातचं असलं की आपल्याला शोधायला तिला त्रास व्हायचा नाही. त्यानं काजळी घेतली, डिंकाचं पाणी घेतलं, कुंचल्याचं टोक दातांनी चावून मऊ केलं, आणि झाकणापाशी गुडघे टेकून बसला. नजर आता अधू झाली होती. कोरी जागा नेमकी कुठून सुरू होते ते बघायला त्यानं 'ओसिरिस'च्या पुढे बोट ठेवलं.

बोटाला ओलं लागलं.

त्यानं दिवा जवळ आणला. त्याचंच अक्षर होतं. भीतीनं थरथरलेलं, डाव्या हातानं मनगट धरून लिहिलेलं. केन्ना. शाई अजून वाळली नव्हती.